शिरोरेघेचे सात सांधे

फळी मशीनमधून काढली, ओलसर फडक्यानं काजळी पुसली आणि पोटात गोळा आला. 'सहस्रचंद्रदर्शन' या शब्दाची शिरोरेघ सात ठिकाणी तुटली होती. म्हणजे लाकूड फुटलं नव्हतं. दर दोन अक्षरांच्या सांध्यावर तांदळाच्या दाण्याएवढी जागा कोरायची राहिली होती, बस. बाकी अक्षरं छान कॉफीच्या रंगाची आणि मधे मधे उघडं पडलेलं पिवळट सागवान. 'र्श'वरचा रफार रेघेला टेकतो तिथे आणखी एक डाग, आठवा. म्हाताऱ्याच्या बोळक्यासारखा दिसत होता तो शब्द.

फळी ज्यांची, त्या बाई मला चौथीत मराठी शिकवायला होत्या. त्यांच्या यजमानांना ऐंशी वर्षं उलटून वर काही महिने झाले, म्हणजे हजार पौर्णिमा पाहून झाल्या. बरकतपुऱ्यात घरच्या घरी कार्यक्रम, चार दिवसांवर.

"मामा, पॉवर वाढवू?" भाच्यानं विचारलं.

आजचं हे सगळं लिहिणं त्या एका प्रश्नाविरुद्ध आहे.

हैदराबादच्या गौलीगुड्यात आमचं नावाच्या पाट्यांचं दुकान आहे. विवेकवर्धिनीपासून चालत दहा मिनिटं. गेली अकरा वर्षं लेझरवर काम करतो: पाट्या, शाळांची सन्मानचिन्हं, देवळांतल्या देणगीदारांचे फलक, भाद्रपदात मखरांसाठी एमडीएफची अक्षरं. मशीनमध्ये काचेची 60 वॉटची ट्यूब आहे आणि तिच्यात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, हेलियम असं वायूंचं मिश्रण. या जातीचा लेझर 1964 साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये सी. कुमार पटेल यांनी शोधला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सरकारी कॉलेजात. दुकानात येणाऱ्या प्रत्येक मराठी गिऱ्हाइकाला मी हे सांगतो आणि बहुतेकांना ते पाटीच्या भावाइतकं महत्त्वाचं वाटत नाही.

तर पॉवर. कोठीपासून छत्ता बाजारपर्यंत कुठल्याही लेझरवाल्याकडे जा, कोरीव काम असमान आलं की पहिलं वाक्य एकच: "पॉवर बढाव मियाँ." त्यानं भागलं नाही तर स्पीड कमी करायचा. त्यानंही नाही भागलं तर मेकॅनिक. मशीन विकणारा माणूस दोन तासांत शिकवून जातो तेव्हा तो हे दोनच आकडे शिकवतो, त्यामुळे दुखणं काही असो, औषधाच्या बाटल्या दोनच. मी त्या जमातीबाहेरचा आहे असा माझा दावा नाही. त्या दिवशी मीही पॉवर वाढवली. अक्षरं जळून काळी ठिक्कर झाली, कडांना धुराचा पिवळा ओघळ आला आणि सांध्यांवरचे डाग उलट जास्तच उठून दिसायला लागले.

मग दोन दिवस मशीनच्या मागे लागलो. महिना मे होता, आणि हैदराबादच्या मेमध्ये लेझरवाल्याला पहिला संशय पाण्याचा येतो. ट्यूब गार ठेवायला तिच्याभोवती पाणी फिरवावं लागतं. स्वस्तातला कूलर हा नुसता पंखा आणि जाळी असतो. तो पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो, खोलीहून गार काही करू शकत नाही. खोलीच चाळीस अंशांवर असेल तर तो तरी काय करणार? पाणी तापलं की किरण मंदावतो, आणि मोठ्या कामात वरची ओळ गडद नि खालची फिकी येते. म्हणून आम्ही उन्हाळाभर बादलीत बर्फ गोठवलेल्या बाटल्या सोडतो, आयांनी तापात कपाळावर पट्ट्या बदलाव्यात तशा बदलत राहतो. त्या दिवशीही बदलल्या. आरसे पुसले, भिंग पुसलं, फोकसचं अंतर ठोकळा लावून मोजलं, टेबल चारी कोपऱ्यांना सपाट आहे का पाहिलं. एका मेकॅनिकनं फोनवरच निदान केलं की ट्यूब गेली, अठरा हजार तयार ठेवा.

मी ठेवले नाहीत, कारण तोवर एक गोष्ट ध्यानात आली होती. दुसऱ्या फळीवर, तिसऱ्या भंगार प्लायवर, डाग नेमके त्याच सांध्यांवर आणि नेमके तेवढेच होते. ट्यूब मरायला टेकली असती तर डाग असे शिस्तीत बसले नसते, कुठेही पडले असते. टेबल वाकडं असतं तर टेबलाच्या एकाच कोपऱ्यात फिकं आलं असतं, मग तिथे कुठलंही अक्षर असो. लाकडाचा दोष असता तर तो रेषेरेषेनं गेला असता, कारण सागवानाचा मऊ पट्टा जास्त जळतो नि कठीण पट्टा कमी. खात्री करायला मी चित्र संगणकावर नव्वद अंशांत फिरवलं, शब्द उभा केला. डागही शब्दाबरोबर उभे राहिले. म्हणजे आजार मशीनला नव्हता, चित्राला होता. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे आणि ती मी पहिल्या दिवशी करायला हवी होती.

आता चित्रात काय बिघडलं होतं? लहानपणी आपण तळ्यात-मळ्यात खेळलो आहोत. लेझरचं सॉफ्टवेअर अक्षर भरताना तेच खेळतं. डोकं डावीकडून निघतं, वाटेत बाहेरची रेघ लागली की म्हणतं 'तळ्यात' आणि किरण चालू करतं. पुढची रेघ लागली की 'मळ्यात', किरण बंद. 'व'च्या पोटात रिकामी जागा राहते ती याच हिशेबानं, नाही तर सगळीच अक्षरं मुठीसारखी गच्च भरली असती. खेळ चोख आहे. पण 'स' आणि 'ह' शेजारी आले की 'स'ची शिरोरेघ संपण्याआधीच 'ह'ची सुरू होते, दोन्ही एकमेकींवर केसभर चढलेल्या असतात. डोकं 'स'मध्ये शिरलं: तळ्यात. 'स' संपण्याआधीच 'ह'ची कड लागली: मळ्यात, किरण बंद. मग 'स'ची शेवटची कड लागली: पुन्हा तळ्यात. मधला तो केसभर तुकडा, जिथे खरं तर दोन दोन अक्षरांची रेघ आहे, तोच कोरा राहिला. आठ अक्षरं, सात सांधे, सात डाग. रफाराचा आठवा.

मग मोबाइलवर, कागदावर हा डाग का दिसत नाही? कारण फॉन्ट पडद्यावर उमटवताना नियम दुसरा असतो. तो नुसत्या कडा मोजत नाही, कड कुठल्या दिशेनं वळते तेही पाहतो. त्यामुळे एकावर एक चढलेले दोन आकार त्याला दुप्पट आत वाटतात, बाहेर नाही. हे दोन्ही नियम संगणकाच्या छपाईत पहिल्यापासून आहेत. 1984 साली आलेल्या पोस्टस्क्रिप्टमध्ये ते शेजारी शेजारी दोन वेगळ्या आज्ञा म्हणून होते. आपल्या फॉन्ट करणाऱ्यांनी पडद्याचा नियम गृहीत धरून काम केलं. त्यांनी रेघा मुद्दाम एकमेकींवर चढवल्या, कारण नुसत्या टेकवून ठेवल्या तर पडद्यावर सांध्याशी केसासारखी पांढरी फट दिसते. पडद्यावरची फट बुजवायला केलेली युक्ती माझ्या सागवानावर फट पाडत होती.

हे कळलं तेव्हा मला बाबा आठवले. ते सुलतान बाजारच्या एका छापखान्यात जुळारी होते. त्यांची खिळे जुळवायची स्टिक अजून दुकानाच्या खणात आहे, गिऱ्हाइकं तिला पट्टी समजतात. शिशाच्या खिळ्यांतसुद्धा शिरोरेघ हेच मराठीचं दुखणं होतं. रोमन अक्षरं आपापल्या जागी सुटी उभी राहतात, त्यांना शेजाऱ्याशी देणंघेणं नाही. मराठीत प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर रेघेचा तुकडा आणि तो शेजारच्या तुकड्याला नेमका भिडला पाहिजे. खिळ्याचे कोपरे झिजले की छापलेल्या शब्दात रेघ तुटायची आणि मालक जुळाऱ्याच्या नावानं खडे फोडायचा. बाबा झिजलेला खिळा वेगळा काढून ठेवायचे, म्हणायचे, "हा आता शेजाऱ्याला पोचत नाही." बाबांच्या हयातीत अक्षरं एकमेकांना पोचत नव्हती म्हणून रेघ तुटली, माझ्या वाट्याला ती एकमेकांत जास्त शिरतात म्हणून तुटते. खडे मात्र दोन्ही वेळा कारागिराच्याच नावानं.

याच शहरात तेव्हा उर्दूचं काय चाललं होतं ते पाहण्यासारखं आहे. नस्तालिक लिपी शिशाच्या खिळ्यात धड बसेना, म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कातिब हातानं लिहीत आणि ते लिहिलेलं लिथोवर छापलं जाई. अक्षरंच एका हाताच्या ओघात आलेली, सांधा कुठून दिसणार? पुढे 1981 साली मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून मोनोटाइपनं नूरी नस्तालिक केलं, तेव्हाही अक्षरं सुटी न ठेवता सुमारे वीस हजार जोडाक्षरांचे गुच्छच्या गुच्छ लिहून घेतले. तेलुगूला शिरोरेघच नाही. म्हणजे या तीन लिप्यांच्या गावात सांध्याचं दुखणं आलं ते नेमकं आमच्या वाट्याला. "तुमचं मराठी नाटक करतं," असं शेजारचा तेलुगू दुकानदार म्हणाला, आणि त्याच्या पाट्या पाहता मला उत्तर सुचलं नाही.

दोष सापडल्यावर तो काढताना मी आणखी दोन खड्ड्यांत पडलो. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आकार सुटा सुटा भरायची सोय असते. ती निवडली. कोरे डाग गेले आणि त्यांच्या जागी काळे आले, कारण आता सांध्यावरून किरण दोनदा गेला होता, एकदा 'स'साठी आणि एकदा 'ह'साठी. बोटानं चाचपलं तर प्रत्येक सांध्यावर खळगा. मग भाच्यानं त्याच्या रोजच्या चित्रकामाच्या प्रोग्रामात शब्दाचे सगळे तुकडे सुटे केले आणि एकत्र वेल्ड मारला. शिरोरेघ सरळसोट झाली. पण 'स', 'च' यांच्या पोकळ्या त्या वेल्डमध्ये बुजल्या आणि 'सहस्रचंद्रदर्शन' गरोदर दिसायला लागलं. खरं उत्तर लेझरच्या सॉफ्टवेअरमध्येच, अक्षरांच्या खिडकीत होतं: एक छोटी चौकट, टिक केली की शेजारची अक्षरं भरण्याआधीच आपोआप जोडली जातात आणि पोकळ्या शाबूत राहतात. एक टिक. दोन दिवस आणि तीन फळ्या गेल्यावर.

ती चौकट ठेवणाऱ्यांनी ती आपल्यासाठी ठेवलेली नाही. लग्नपत्रिकेवरच्या लफ्फेदार, एकमेकांत गुंतलेल्या इंग्रजी अक्षरांसाठी ती आहे, म्हणून ती नेहमी बंद असते, लागेल त्यानं चालू करावी. मला इथे कुणाचा कावा दिसत नाही. ज्यांची अक्षरं अंतर राखून उभी राहतात त्यांना जोडणं हा अपवाद वाटणारच. माझं म्हणणं एवढंच की देवनागरीत, बंगालीत, गुरुमुखीत जोडणं हाच नियम आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला 128 जागांचा स्वतंत्र पट्टा आहे. मी काय टाइप करतो आहे हे प्रोग्रामला पहिल्या अक्षराला कळतं. मग शिरोरेघेच्या लिपीत ती टिक पहिल्यापासून लावलेली का नको? जगात कुणाला हे नको असेल असं मला वाटत नाही. फक्त मागणारा हवा. आपण मराठी माणसं भाषेवर सभा घेतो, फलकांवरून भांडतो, पण आपली रेघ तुटते तेव्हा सॉफ्टवेअर करणाऱ्याला चार ओळी नि एक फोटो पाठवत नाही. मी पाठवला, तुटक्या फळीचा. आणखी पन्नास जणांनी पाठवावेत.

फॉन्ट करणाऱ्यांना मी दोष देणार नाही, रेघा चढवणं हे त्यांच्या कामात बरोबरच आहे. मात्र नवा देवनागरी फॉन्ट आला की तो पडद्यावर नि कागदावर तपासतात तसा एकदा लाकडावर नि ॲक्रिलिकवरही तपासावा. आजच्या मराठी अक्षराचं मोठं आयुष्य तिथेच जातं: फाटकावर, बक्षिसावर, समाधीवर.

आणि एक विनंती संस्थांच्या कार्यवाहांना. जुन्या, युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आणू नका. त्यात 'क'ची जागा एखाद्या इंग्रजी अक्षराला दिलेली असते, काना वेगळा, अर्धं अक्षर वेगळं, सगळे तुकडे एकमेकांवर डकवलेले. मशीनला ते मराठी आहे हेच कळत नाही, आणि सांधे सातावर न थांबता विसावर जातात.

कोरायच्या ऐवजी कापायची वेळ आली की हाच घोटाळा आणखी मजेशीर होतो. न जोडता 'मोरया' कापायला टाकलं तर टेबलावर तीन सुटी अक्षरं आणि सांध्यांच्या चिमुकल्या चकत्या पडतात. जोडून टाकलं की अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, शिरोरेघेला धरून कपड्यासारखा दोरीवर टांगता येतो. इंग्रजी शब्दाला ही ऐपत नाही, त्याला मागे पट्टी लावावी लागते. आमची लिपी लेझरसाठीच जन्मली असावी असं मला त्या वेळी वाटतं. अनुस्वार तेवढा दगा देतो. त्याला धरायला कुणी नाही, तो जाळीतून खालच्या कचऱ्याच्या ट्रेमध्ये पडतो आणि आम्ही भाद्रपदात ट्रेमधून टिंबं वेचत बसतो.

शिकवणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. रायदुर्गला 2023च्या मार्चमध्ये टी-वर्क्स हे नमुने बनवण्याचं केंद्र उघडलं, 78,000 चौरस फुटांचं, उत्तम गोष्ट झाली. या शहरात यंत्रांची वानवा नाही. वानवा आहे ती यंत्रापुढच्या माणसाला रेघ वाचायला शिकवण्याची. माझ्या भाच्यानं लेझरचा छोटा कोर्स केला आहे. पॉवर, स्पीड, दोन ओळींतलं अंतर त्याला तोंडपाठ: 0.1 मिलिमीटर म्हणजे इंचाला 254 ओळी. पण भरण्याआधी आकार बंद आहे का, एकाच रेघेवर दुसरी रेघ पडली आहे का, हे पाहायला कुणी शिकवलं नव्हतं. एकावर एक पडलेली दुहेरी रेघ तर फारच कपटी. तळ्यात-मळ्यातच्या हिशेबात ती स्वतःलाच रद्द करते आणि अख्खं अक्षर कोरं राहतं. कोरण्याआधी प्रीव्ह्यू उघडून मिनिटभर डोळे लावले तर यातलं बहुतेक सगळं लाकूड न जाळता दिसतं. त्या मिनिटाला आमच्या धंद्यात वेळ वाया घालवणं म्हणतात.

मशीन कधीच दोषी नसतं असं मात्र समजू नका. बाईंच्या फळीवर अक्षरांच्या डाव्या-उजव्या कडा जरा गडद आल्या होत्या, तो दोष चालण्याचा होता. ओळ संपवून वळताना डोकं मंदावतं आणि तिथे किरण रेंगाळतो, जास्त जाळतो. डोक्याला अक्षराच्या पलीकडे थोडं रिकामं धावू दिलं की ते जातं. काही कंट्रोलर हे आपणहून करतात, आमच्यात आकडा घालावा लागतो.

चौथी फळी कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी झाली. बाई स्वतः आल्या, काठी टेकत. फळी उजेडात धरली, चष्मा कपाळावर चढवला, 'श' मराठी वळणाचा आहे ना ते पाहिलं. होता. मग शिरोरेघेवरून बोट फिरवत शेवटच्या 'न'पर्यंत गेल्या आणि नुसतं "हं" म्हणाल्या. चौथीत वही तपासताना म्हणायच्या तसंच.

जाताना त्यांची नजर कोपऱ्यात उभ्या केलेल्या पहिल्या फळीवर गेली.

"ही काय रे?"

"बिघडलेली आहे, बाई. टाकून देणार आहे."

"टाकू नकोस, बांधून दे. नातवाला दाखवते," त्या म्हणाल्या. "शिरोरेघच देत नाही मेला."